लोकअदालतीचा मेसेज आला, दोन हजार भरायचे का? काट्याचा शिक्का बघता, तसा स्पीडगनचाही बघा

१३ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्रीय लोकअदालत होती. तिचे मेसेज त्याआधीच आपल्या तालुक्यांत फिरायला लागले होते. गाडीचा नंबर, चलनाची रक्कम आणि खाली एक ओळ, पैसे भरा नाहीतर लोकअदालतीला हजर राहा. तेव्हा येवल्यात विंचूर चौफुलीवर चहाला थांबलो. टेबलावर सहा जण होते, त्यातल्या चौघांना हा मेसेज आलेला. चौघांपैकी तिघांचं चलन ओव्हरस्पीडचं. एक जण घाबरून विचारत होता, "भाऊ, वॉरंट निघंल का?" दुसऱ्यानं तिथंच फोन काढला, दोन हजार भरले आणि म्हणाला, "मिटली कटकट."

त्याला विचारलं, फोटो बघितला का? नाही. वेग किती लिहिलाय? माहीत नाही. जागा कुठली? "असंल हायवेला कुठंतरी."

हाच माणूस कांदा घेऊन लासलगावला जातो तेव्हा ट्रॅक्टर काट्यावर चढवायच्या आधी आकडा शून्यावर आहे का ते वाकून बघतो. वजनात फरक वाटला तर दुसऱ्या काट्यावर नेऊन खात्री करतो. उसाच्या पट्ट्यात तर काटामारीवरून दरवर्षी आंदोलनं होतात. वजनाच्या यंत्रावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. वेगाच्या यंत्रावर मात्र ठेवतो, कारण ते आपल्यासमोर नसतं. कुठंतरी पुलाच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत असतं, आणि आपल्याला नुसता मेसेज येतो.

मी वकील नाही. बारावी झालोय, पाच एकर शेती करतो आणि बातम्या देतो. पण गेल्या वर्षी माझ्या पिकअपला असंच एक चलन आलं आणि ते मी वकील न लावता शेवटपर्यंत लढवलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय. सगळ्यांनी लढावं असं माझं म्हणणं नाही. का नाही तेही पुढं येईल.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८३ म्हणजे अतिवेग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजार आणि मध्यम-जड वाहनाला २ हजार ते ४ हजार असा दंड त्यात आहे. आपल्या राज्यात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. चारचाकीला जे सरसकट २ हजारांचं चलन येतं ते यातूनच.

त्याच कलमात पुढं एक वाक्य आहे, ते कुणी सांगत नाही. नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावरून, म्हणजे "मला गाडी जोरात वाटली" एवढ्यावरून कुणाला दोषी धरता येत नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनानं काढलेला आहे हे दाखवावं लागतं. म्हणजे सगळा खटला यंत्रावर उभा आहे. यंत्र बरोबर असेल तर चलन बरोबर.

यंत्र बरोबर आहे हे कसं ठरायचं, तर त्याचा नियम केंद्रानं ११ ऑगस्ट २०२१ ला काढला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ. वेग मोजणाऱ्या यंत्राला राज्य सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र पाहिजे आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण पाहिजे. चलनासोबत नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो पाहिजे, यंत्रानं मोजलेला आकडा पाहिजे, तारीख-वेळ-जागा पाहिजे, कुठलं कलम लावलं ते पाहिजे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सहीचं प्रमाणपत्र पाहिजे. हे प्रमाणपत्र आधी पुरावा कायद्याच्या ६५-ब प्रमाणं असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम ६३ झालं. पुढं या रस्त्यावर वेग मोजला जातो, असा इशारा देणारा फलक वाहनचालकाला आधीच दिसला पाहिजे. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत निघाली पाहिजे. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत सगळं रेकॉर्ड जपून ठेवलं पाहिजे.

१ जुलै २०२५ पासून आणखी एक नियम लागू झालाय. रडारवर वेग मोजणाऱ्या यंत्रांची वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसला पाहिजे. वैधमापन म्हणजे तेच खातं, जे बाजार समितीतल्या काट्याला शिक्का मारतं. तेव्हा काट्याची आणि स्पीडगनची तुलना मी उगाच केलेली नाही, सरकारनंच दोन्ही एका खात्याच्या दारात आणून उभी केलीत.

माझं चलन

ऑक्टोबर २०२४. पिंपळगावला टोमॅटो टाकून रिकामी पिकअप घेऊन परत येत होतो. चार दिवसांनी मेसेज आला, ओव्हरस्पीड, २ हजार. चलनाची साइट उघडली. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन दिसतं, फोटोही दिसतो. फोटोत गाडी माझीच, नंबर स्पष्ट, वेळही बरोबर. वेग ७३. मर्यादा ६०.

७३ हा आकडा मी नाकारत नाही. रिकामी पिकअप, चांगला रस्ता, ७३ ला असेलच. पण ६० कुठून आलं?

रस्ता चौपदरी, मधे दुभाजक. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत अशा रस्त्यावर कारला १०० आणि मालवाहू गाडीला ८० अशी कमाल मर्यादा दिलेली आहे. साध्या रस्त्यावर कारला ७०, मालवाहूला ६०. (पिकअपवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा. कारच्या मागं कारच्याच वेगानं जाल तर कार सुटेल आणि तुम्ही अडकाल. आपली गाडी कागदावर मालवाहू आहे.) राज्याला एखाद्या पट्ट्यात यापेक्षा कमी मर्यादा लावता येते, पण त्याचीही रीत कलम ११२ मध्ये आहे. राजपत्रात अधिसूचना काढायची आणि रस्त्यावर योग्य ठिकाणी फलक लावायचे. दोन्ही गोष्टी. फक्त महिनाभराच्या आतली तात्पुरती मर्यादा असेल तर अधिसूचना लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घेऊन त्या जागेवर गेलो. मी हायवेला लागतो ते आमच्या गावच्या फाट्यावरून. ६० चा एक फलक सापडला, पण तो फाट्याच्या तीनशे मीटर अलीकडं. म्हणजे नाशिककडून सरळ येणाऱ्याला दिसेल, फाट्यावरून चढणाऱ्याला कधीच नाही. दुसरा फलक चलनाच्या जागेच्या जरा आधी होता. त्याच्यावर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. वाढदिवस होऊन दोन महिने झालेले. दोन्हींचे फोटो काढले, मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून. फाट्यापासून त्या जागेपर्यंत गाडीवर बसून सलग व्हिडिओही घेतला. पोरगा मागं बसला होता, म्हणाला, पप्पा दोन हजारासाठी एवढं? त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आधी ॲपवर तक्रार टाकली. महाट्रॅफिकच्या ॲपमध्ये आणि साइटवर तशी सोय आहे. अकरा दिवसांनी उत्तर आलं, चलन योग्य आहे. कारण नाही, कागद नाही.

मग माहिती अधिकार. साधा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, त्यामुळं पाल्हाळ लावू नका. मी तीन गोष्टी मागितल्या. त्या तारखेला त्या यंत्राचं चालू असलेलं प्रमाणपत्र, त्या पट्ट्यात ६० ची मर्यादा लावणारी अधिसूचना, आणि इशारा फलक कुठं लावलेत त्याची नोंद. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. प्रमाणपत्र जोडलेलं होतं, मुदतीतलं होतं. म्हणजे यंत्र ठीक. फलकांबद्दल लिहिलं की रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून माहिती घ्यावी. आणि अधिसूचनेबद्दल एकच ओळ, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही."

ही ओळ हातात आली तेव्हा पोराला उत्तर सापडलं. ज्या कार्यालयानं ६० धरून माझ्यावर दंड लावला त्याच कार्यालयाकडं ६० चा कागद नव्हता.

ते उत्तर आणि फोटो घेऊन वाहतूक कार्यालयात गेलो. तिथले साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, "लोकअदालतीला या, काहीतरी कमी करून मिटवू." मी म्हणलं, साहेब कमी नको, चूक असेल तर रद्द करा. त्यावर ते म्हणाले, तो अधिकार कोर्टाचा.

लोकअदालत म्हणजे तडजोड

इथं थोडं थांबून सांगतो, कारण सध्या सगळा घोळ याच शब्दावर चाललाय. लोकअदालतीच्या नावात अदालत आहे म्हणून लोक तिला कोर्ट समजतात. ती विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली चालते आणि तिथं काम होतं तडजोडीचं. तुम्ही दोषी आहात की नाही हे तिथं ठरत नाही. चूक तुमची आहे, पण रक्कम जड जाते, असं असेल तर ती जागा तुमच्यासाठी अगदी बरोबर आहे. जा आणि मिटवून या. पण "मी हे केलंच नाही" किंवा "ही मर्यादाच खोटी आहे" असं म्हणायचं असेल तर ते ऐकून निकाल देणं लोकअदालतीच्या हातात नाही. तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोड झाली नाही तर प्रकरण नेहमीच्या कोर्टाच्या वाटेला जातं. गेलं नाहीत म्हणून कुणी बेड्या घालून नेत नाही. चौफुलीवरच्या त्या भावाला मी हेच सांगितलं.

ज्यांचं चलन व्हर्च्युअल कोर्टाकडं गेलंय त्यांना तिथंही दोन पर्याय दिसतात, दंड भरा किंवा आव्हान द्या. आव्हान दिलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात येतं. आपल्या राज्यात असं व्हर्च्युअल कोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरजवळ काटोलला सुरू झालं होतं.

आता एक इशारा, मग पुढं जातो. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. खरं चलन फाइल म्हणून येत नाही. मेसेजमधल्या लिंकवरही जाऊ नका, सरकारी साइट स्वतः उघडून गाडी नंबरवरून बघा. आपल्या भागात अशा फाइलनं खाती रिकामी झालेले लोक मला माहीत आहेत. ते लाजेनं बोलत नाहीत.

कोर्टातले तीन दिवस

फेब्रुवारीत समन्स आलं. बीट हवालदार घरी देऊन गेला. कलम २०८ प्रमाणं अशा किरकोळ गुन्ह्याच्या समन्सवर लिहिलेलंच असतं की वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहता येईल. "वकील नसेल तर उभं करत नाहीत" ही नुसती अफवा आहे.

पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते. पुढची तारीख घेऊन परत आलो. गव्हाला पाणी द्यायचं राहिलं.

दुसऱ्या तारखेला नाव पुकारलं. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? कबूल म्हणलं की दंड भरून पाच मिनिटांत मोकळं होता येतं. माझ्या आधीचे सात-आठ जण तसेच मोकळे झाले. मी म्हणलं, "कबूल नाही, साहेब." हात थरथरत होता, खोटं का सांगू. मग त्यांनी विचारलं, काय म्हणणं आहे? मी एवढंच सांगितलं की वेगाबद्दल माझा वाद नाही, मर्यादेबद्दल आहे. ६० ची अधिसूचना आणि फलक दाखवावेत, आणि हे माहिती अधिकारातलं उत्तर. अर्जासोबत उत्तराची प्रत, फोटो, जागेचा हातानं काढलेला नकाशा असं सगळं दोन प्रतींत दिलं होतं. एक कोर्टाला, एक सरकारी वकिलांना. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि सरकारी बाजूला सांगितलं, अधिसूचना दाखल करा.

तिसऱ्या तारखेला, एप्रिलमध्ये, सरकारी बाजूनं लिहून दिलं की सदर चलन रद्द करण्यात येत आहे. प्रकरण बंद.

का रद्द झालं ते कोर्टात कुणी सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात एका हवालदारानं सांगितलं. त्या पुलाजवळ काम चालू होतं तेव्हा तात्पुरती ६० ची मर्यादा लावली होती. काम संपलं, मर्यादा उठली, पण फलक काढायचा राहिला आणि यंत्रातला आकडाही तसाच राहिला. "कुणाच्या लक्षात नाही आलं," एवढंच म्हणाला.

आता हिशोब. वाहतूक कार्यालयाची एक आणि कोर्टाच्या तीन अशा चार फेऱ्या. दर फेरीला दीडशेचं पेट्रोल, म्हणजे सहाशे. माझ्या जागी शेतात माणूस लावला, तीनशे रुपये रोज, चार दिवसांचे बाराशे. स्टॅम्प, झेरॉक्स, फोटोच्या प्रिंटा नव्वद. एकूण १ हजार ८९०. दोन हजार वाचवायला एवढे गेले. आणि ही जागा माझ्याच जिल्ह्यातली म्हणून. चलन आव्हान दिल्यावर सहसा जिथं गुन्हा घडला तिथल्या कोर्टात चालतं. वाशीला भाजी घेऊन जाणाऱ्या येवल्याच्या ड्रायव्हरला पनवेलकडं चलन बसलं तर तो तारखेला जाणार का? तो भरणारच. त्याच्यासाठी खरा दंड दोन हजार नाही, अंतर आहे. सरकारनं पैसे भरायची सोय मोबाइलवर दिली, पण वाद घालायची सोय अजून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्यांत ठेवलीय. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरोधात संप केला तेव्हा टीव्हीवर दंडाच्या रकमेची चर्चा जास्त झाली. माझ्या मते खरा मुद्दा हा अंतराचा आहे. सुनावणी व्हिडिओवर झाली, तक्रारीच्या उत्तराला कारण जोडलं, तर निम्मा राग जाईल.

कुणी लढू नये

माझं बघून आमच्या शेजारच्या गावातल्या एकानं चलन लढवायला घेतलं. कार, वेग १२८, दुभाजकाचा रस्ता. फोटोत त्याच्या गाडीमागं १०० चा फलक स्वच्छ दिसतो. त्याला म्हणलं, भाऊ, तू भरून टाक. त्याला राग आला.

पण हे स्पष्ट बोललं पाहिजे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. केंद्राच्या नोंदीप्रमाणं त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. आमच्या फाट्यावर संध्याकाळी रस्ता ओलांडताना म्हातारी माणसं किती वेळ उभी राहतात ते मी रोज बघतो. स्पीडगन नको असं म्हणणारा मी नाही. ती पाहिजे, पण शिक्क्याची पाहिजे आणि तिच्यात खरी मर्यादा भरलेली पाहिजे. १२८ नं जाणाऱ्यानं प्रमाणपत्राची तारीख शोधत बसण्यापेक्षा पाय थोडा हलका ठेवावा.

एक मात्र व्यवसायानं ड्रायव्हर असणाऱ्यांसाठी. दंड भरला म्हणजे विषय संपला असं नेहमी नसतं. अतिवेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर लायसन्स जमा करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि दंड भरून मिटवलं तरी त्या कारवाईतून सुटका होत नाही. तेव्हा चुकीचं चलन "जाऊ दे" म्हणून भरण्याआधी त्यांनी दोनदा विचार करावा.

गाडी विकली, नाव तसंच

आपल्याकडं सगळ्यात जास्त तक्रारी खरं तर वेगाच्या नाहीतच. गाडी विकलेली असते, टीटी फॉर्मवर सही करून दिलेली असते, आणि घेणाऱ्यानं ती नावावर केलेलीच नसते. चलन जुन्या मालकाला. असे दोन जण मला याच महिन्यात भेटले. एकाची मोटारसायकल तीन हातांतून गेलीय आणि सध्या कुठं आहे हेही त्याला माहीत नाही.

कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ वर. घेणाऱ्याला फॉर्म ३० वर तीस दिवस. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अपघाताच्या एका खटल्यात हेच सांगितलंय. त्यामुळं विक्रीची पावती, घेणाऱ्याचं आधार, फॉर्मची झेरॉक्स एवढं तरी ठेवा. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं कर्तव्यच आहे, आणि हे कागद असतील तर सांगता येतं. आरसीवरचा मोबाइल नंबरही बघून घ्या. खूप जणांच्या आरसीवर शोरूमवाल्यानं किंवा एजंटानं आपलाच नंबर टाकलेला असतो. चलनं येत राहतात आणि मालकाला पहिल्यांदा कळतं ते गाडीच्या पासिंगला.

फोटोतली गाडी तुमची नाहीच, रंग वेगळा, मॉडेल वेगळं, असं असेल तर ते सगळ्यात सोपं. आपल्या गाडीचा फोटो आणि आरसी लावून ॲपवर तक्रार टाका. आणि तुमचाच नंबर कुणी दुसऱ्या गाडीला लावलाय असं दिसलं तर चलनापुरतं थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर ती पोच कामाला येते.

वकिलाचे पैसे नाहीत पण एकट्यानं उभं राहायची हिंमतही होत नाही, त्यांच्यासाठी तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना तिथून मोफत वकील मिळतो. साधा अर्ज असतो. मला हे तिसऱ्या तारखेला कळलं.

राहिलेला प्रश्न

माझं चलन रद्द झालं, ठीक. पण पुलाचं काम संपल्यापासून यंत्रातला आकडा बदलेपर्यंत त्या जागेवर किती गाड्यांना ६० धरून चलन बसलं? त्यातल्या किती जणांनी भरलं? फाट्यावरच्या दोन पिकअपवाल्यांनी भरल्याचं मला माहीत आहे, एकानं तर दोनदा. मी भांडलो म्हणून माझं रद्द केलं, त्यांचं चलनही त्याच चुकीचं, पण ते "भरणा झाला" या रकान्यात बसलेत. त्यांना पैसे परत द्या असं लिहून पाठवलं तर उत्तर नाही.

म्हणून जूनमध्ये पुन्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्या जागेवर, त्या काळात, ६० च्या मर्यादेनं निघालेली एकूण चलनं आणि जमा रक्कम. नावं नकोत, फक्त आकडा. तीस दिवस उलटले, उत्तर आलं नाही. ऑगस्टात वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी गणपती उठल्यावर लागेल असं कार्यालयातून फोनवर सांगितलंय. मागच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे पिंपळगाव रस्त्यानं येताना ज्यांना ६० च्या मर्यादेचं चलन आलं असेल त्यांनी ते भरलेलं असलं तरी पावती आणि फोटो काढून ठेवा आणि आमच्या प्रतिनिधींपर्यंत पोचवा. अपिलाच्या दिवशी सोबत नेतो.